पेला किंवा खिडकी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्लबचेही अध्यक्ष, म्हणजे दोन्हीकडून आदरणीय असे अध्यक्षसाहेब, वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, शेजारच्या क्लबचे सचिव, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती पडदेकाका, त्यांच्या सूनबाई, काउंटरवरच्या आमच्या ताई, आणि त्या बंद पडद्याकडे पाठ करून बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषण लिहून दिलं होतं. त्यात 'प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवा' असले भारी शब्द आहेत. तो कागद खिशात आहे, तिथेच राहू दे. कारण माझं नाव पुकारायच्या जरा आधी मी हात धुवायला गेलो, तर बेसिनपाशी काकांच्या सूनबाई उभ्या. म्हणाल्या, "भाऊ, भाषण जरा आवरतं घ्या हं."

मी म्हटलं, "का हो वहिनी, एवढं वाईट बोलतो का मी?"

"तसं नाही हो. आमची पोरगी खाली खेळतेय. मुलींची फायनल आहे आज. गोलकीपर आहे ती. तुमच्या काकांनी कोणाला सांगायचं नाही म्हणून बजावलंय, पण मला राहवेना."

वहिनी, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका. सांगायचं नव्हतं हे मला कळलं होतं. पण आता सांगून झालंय.

तर मंडळी, त्या पडद्याच्या पलीकडे, या खिडकीच्या खाली, आत्ता, काकांची नात गोलात उभी आहे. आणि काका इथे मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन आपलं कौतुक ऐकताहेत. आजची तारीख कोणी काढली? मी. अध्यक्षसाहेबांनी मला एवढंच विचारलं होतं, "त्या दिवशी मोठ्या संघाचा सामना नाही ना?" मी छातीठोकपणे म्हटलं, "नाही." मुलींचा सामना हाही सामनाच असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या आलं होतं? असो. वाटेकरी शोधायची ही वेळ नाही.

आणि त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. मघाशी ताईंनी पेल्यांचा पहिला ट्रे बाहेर आणला तेव्हा काय झालं, आठवतंय? काका खुर्चीतून उठले, भिंतीपाशी गेले, दोरी ओढली आणि पडदा बंद केला. आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या. आपल्याला वाटलं, काका गंमत करताहेत, निवृत्त होता होता शेवटचं एकदा हातची कला दाखवताहेत. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "काका, परत एकदा, फोटो नीट नाही आला." आणि त्यांनी परत एकदा उघडून बंद केला. आपल्या नातीच्या सामन्यावर त्या माणसाने दोनदा पडदा ओढला, आणि आपण दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नियम असा आहे, की सामना चालू असताना मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायची नाही. आता या हॉलमध्ये बार आहे, आणि खिडकी तर अशी की तिथून कॉर्नरचा झेंडाही दिसतो. म्हणून सामना सुरू व्हायच्या आधी पडदा बंद, शेवटची शिट्टी झाली की उघडा. ज्याला प्यायचंय त्याने पडद्याच्या आत, ज्याला बघायचंय त्याने पेला ठेवून बाहेर स्टँडमध्ये. पेला किंवा खिडकी. दोन्ही एकदम नाही.

तर माझी विनंती अशी. ताई, रिकामा ट्रे घ्या आणि या टोकापासून सुरुवात करा. मंडळी, पेले ट्रेवर ठेवा. सगळे पेले आतल्या कोठीत गेले आणि कोठीचं दार लागलं, की पडदा उघडायला नियमाची हरकत नाही. बरोबर ना काका? बघा, मान हलवली. आता कृपा करून कोणी शेवटचा घोट घाईने संपवू नका, ठसका लागेल. तुमचा पेला तुम्हाला परत मिळेल. तोवर मी बोलत राहतो, कारण गप्प उभं राहायला मला जमत नाही.

मी शाळेत फार रमलो नाही. घरातून निघालो तो फिरतच राहिलो. सामान हलवणाऱ्या ट्रकवर होतो, बोटीवर भांडी घासली, एका जादूगाराच्या पेट्या उचलल्या. हा जादूगार म्हणजे वल्ली माणूस. त्याच्याकडे एक ससा होता, आणि तो ससा त्याच्यापेक्षा... नाही, सशाचं राहू दे. सांगायचं होतं ते एवढंच, की जादूगाराच्या पडद्यामागे काहीच नसायचं, आणि लोक तिकडे टक लावून बघायचे. काकांच्या पडद्यामागे अख्खं मैदान होतं, आणि काका तिकडे पाठ करून बसायचे. कारण कोणी पडदा सरकवू नये म्हणून सामनाभर दोरीपाशी बसणं हेच त्यांचं काम.

इथे कामाला लागलो तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, "काका, एवढी वर्षं मैदानाला टेकून बसलात, एक तरी गोल पाहिलात का?"

म्हणाले, "ऐकले बरेच."

आणि ते ऐकणंही कसलं, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. बाहेर आरडाओरडा झाला की काका डोळे मिटून सांगायचे, "आपला गोल." निम्म्या वेळा तो समोरच्यांचा असायचा. एकदा तर कुत्रं मैदानात शिरलं होतं. तेव्हापासून ताई त्यांना म्हणतात, "काका, नीट ऐका, गोल आहे की कुत्रं?"

हसा, हसा, पण पेले ठेवा.

त्या नियमातून पळवाटा किती काढल्या लोकांनी. एक बडे गृहस्थ पडद्यातून मुंडकं बाहेर काढून उभे राहिले, पेल्याचा हात आत. म्हणाले, "डोकं बाहेर आहे, दारू आत आहे. नियम कुठे मोडला?"

काका म्हणाले, "साहेब, जी पोटात गेली ती कुठल्या बाजूला धरायची?"

गृहस्थ विचारात पडले आणि विचार करता करता आत आले.

आणखी एक मोठे, फार मोठे गृहस्थ होते, ते या व्यासपीठावर आहेत की नाहीत हे मी सांगणार नाही. ते चहाच्या कपातून घेऊन स्टँडकडे निघाले होते. काकांनी नम्रपणे दार अडवलं आणि विचारलं, "चहाला फेस कधीपासून यायला लागला, साहेब?" अध्यक्षसाहेब हसताहेत. म्हणजे आता सगळ्यांना कळलं.

मीही कमी नव्हतो. मला तो नियम खुळचट वाटायचा. मी म्हणायचो, "काका, एका पेल्याने काय आभाळ कोसळणार आहे?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "अरे, एकाने कधीच कोसळत नाही. पण तुझ्या एकाला सोडला तर त्याच्या एकाला कसा अडवू? माझ्याकडे दोरी एकच आहे."

आज मला ते वाक्य टोचतंय. कारण आज काकांना स्वतःसाठी एक बोटभर फट ठेवता आली असती. कोणी काही म्हटलं नसतं. त्यांच्या खुर्चीवरून तेवढ्या फटीतून गोलाची बाजू दिसलीसुद्धा असती. नुसतं "नात खेळतेय" एवढं म्हणाले असते तरी आपण कार्यक्रम पुढे ढकलला असता. मघाशी मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तू एवढ्या हौसेने सगळं ठरवलंस, तुझा विरस कशाला करू?"

बघा म्हणजे. चूक माझी, आणि जपलं कोणाला, तर मलाच.

आणि आपण त्यांना भेट काय आणली आहे, ठाऊक आहे ना? या खिडकीतून काढलेला मैदानाचा मोठा फोटो, काचेच्या फ्रेममध्ये. ती कल्पनाही माझीच. फोटोत मैदान रिकामं आहे. काका, ती फ्रेम तुम्ही घरी न्या, नाही असं नाही, पण आज ती तुमच्या हातात देताना माझी मान खाली जाणार आहे.

थांबा. ऐकलंत? बाहेर ओरडा झाला. काका, डोळे मिटू नका, अंदाजही सांगू नका. ताई, जरा भराभर.

ती मागची टेबलं झाली का? तो खांबाआडचा पेला, हो, तुमचाच, दादा, खांबाआड असलात तरी हॉलमध्येच आहात. पाहुण्यांचा गेला. अध्यक्षसाहेबांनी स्वतः उठून आपला दिला, त्यांचे आभार. त्यांच्यासमोरचा चहाचा कपही न्या, ताई, इतिहास लक्षात घेता. काकांच्या नावाने भरलेला पेला तसाच आहे, त्यांनी तोंडही लावलेलं नाही. तोही उचला. छान. कोठीचं दार लावा. लागलं.

काका, चला, दोरी.

काका? का थांबलात? सगळे पेले गेले की. माझ्याकडे काय बघताय?

अच्छा.

मंडळी, माझ्यासमोर माइकपाशी हा जो पेला आहे, आणि ज्यातून मी अधूनमधून घसा ओला करत होतो, ते पाणी आहे असं तुम्हाला वाटत असेल. काकांना वाटलेलं नाही. सबंध हॉलला दारू ठेवायला सांगणारा मी, आणि नात आणि आजोबा यांच्यामध्ये उरलेला शेवटचा पेला माझा. ताई, धरा हा. नाही, अर्धा आहे म्हणून काय झालं, न्या. आणि दार परत लावा.

आता समारोप, उभ्या उभ्या. हॉल दिल्याबद्दल क्लबचे आभार. आल्याबद्दल पाहुण्यांचे आभार. पेले मुकाट्याने दिल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार, एवढा त्याग या हॉलने आजवर केला नसेल. वहिनी, भरवशाने सांगितलंत आणि मी चारचौघांत फोडलं, त्याबद्दल माफ करा. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तेही पोटात घाला. तारखेच्या चुकीची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती काकांची आणि खाली हातमोजे घालून उभ्या असलेल्या त्या पोरीची मागायची आहे, आणि तिची मागायला मी शिट्टी झाल्यावर खाली जाणार आहे. बाहेरच्या त्या ओरड्यात तिच्यावर गोल झाला असेल, तर जास्तच वेळ मागेन.

काका, ओढा. खुर्ची खिडकीशी आणतो मी. आणि बसताना पाठ इकडे करा, आमच्याकडे. आमच्याकडे बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही.