ब्रेकची डिस्क आणि मिस्त्रीचा अंगठा

विषय : माझ्या जुन्या गाडीसाठी योग्य ब्रेक डिस्क निवडणे.

संदर्भ : ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, सबब उमरेडला माहेरी एसटीनेच जाणार, हा पत्नीचा तोंडी आदेश.

आता ऐका. सरकारी नोकरीच्या जुन्या सवयीने मी तीन डिस्कचा तुलनात्मक तक्ता केला आणि भोकं पाडलेली, सर्वांत देखणी डिस्क मंजूर करून वाडीच्या शंकर मिस्त्रीकडे गेलो.

"भोकंवाली काहून पाहिजे, काकाजी? रेस लावून राहिले का?"

चाक काढून त्याने डोळे मिटले आणि जुन्या डिस्कवरून अंगठा फिरवला. "इथं केसभर पातळ झाली." मापयंत्र लावले, तर नेमकी तिथेच पातळ निघाली.

"साधी, कंपनीच्या मापाचीच घ्या. अन् हे तापून पडलेले निळे डाग पाहा. तुमी ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवता."

पस्तीस वर्षे फायली चाळल्या, पण एवढे अचूक टिपण कधी वाचले नाही.

साधी डिस्क बसली, थरथर गेली. घरी येऊन मी सगळे भारावून सांगितले. पत्नी म्हणाली, "डिस्क बदलली. पाय तर तोच आहे ना?"

तिला उमरेडला गाडीने नेण्याबाबतचा माझा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.