उजवीकडे तोंड केलेली माणसं

महागू : पण भिंत तं रंगवून झाली आहे, गुणाकरभाऊ. मंग मले काहून बोलावलं?

गुणाकर : आधी बस. कटंगीहून आलास, दमला असशील. बसला गर्दी होती?

महागू : बालाघाटपर्यंत उभ्यानं आलो. तथून सायकल भाड्यानं घेतली. तू कार्डात लिहिलं, 'भिंत आहे, ताबडतोब ये.' मी कुंचले, कोळसा अन् दोन दिवसाच्या भाकरी बांधून आणल्या. मैना म्हणे, चला, एकदाचं काम निघालं.

गुणाकर : मैनावहिनी बऱ्या आहेत ना?

महागू : बऱ्या आहेत. ते काय, टोपली घेऊन उभी आहे.

गुणाकर : कुठे?

महागू : तुह्या भिंतीवर. खालच्या ओळीत, तिसरी.

गुणाकर : ती खाणीतली मजूरबाई आहे. सर्वसाधारण.

महागू : सर्वसाधारण बाईच्या गालावर तीळ राहत नाही. फकत मैनेचा तीळ उजव्या गालावर आहे. तू डाव्यावर देल्ला.

गुणाकर : तिळाकडे कोण बघतं?

महागू : मी पाह्यतो. घरात एकच आहे.

गुणाकर : महागू, मी तुला सगळं सांगणारच होतो.

महागू : सांग न मंग. पोळ्याले तू म्हणलं, खाणवाल्यायनं कामगार भवनाचं काम रद्द केलं. मी म्हणलं, जाऊ दे, मंडईच्या जत्रा तं आहेतच. माह्या चित्रांची वही तुह्यापाशी राह्यली होती, ते बी मागतली नाही.

गुणाकर : काम रद्दच झालं होतं. म्हणजे, दोघांनी करायचं ते रद्द झालं.

महागू : हे बरं आहे. माह्या अंगाचं रद्द झालं, तुह्या अंगाचं राह्यलं.

गुणाकर : ऐकून तर घे. भोपाळला चित्रकलेचं नवं खातं निघतंय. परवा उद्घाटनाला तिथले संचालक येणार आहेत. भिंत त्यांना पसंत पडली तर मला तिथे जागा. जागा एकच आहे. एका खुर्चीसाठी दोन माणसं कशी दाखवू? एकट्याचं काम म्हणून लिहून दिलं.

महागू : अन् माही वही?

गुणाकर : संदर्भासाठी वापरली.

महागू : संदर्भ म्हणजे कसं करतेत? मी शाळा चौथीपर्यंतच शिकलो.

गुणाकर : पानं उलटी करून खिडकीच्या काचेवर धरायची. मागच्या बाजूने रेघ दिसते. ती गिरवायची आणि भिंतीवर उतरवायची.

महागू : उलटी काहून? सरळ धरली असती तं तीळ तरी जाग्यावर राह्यला असता.

गुणाकर : सरळ धरली असती तर तू दिसला असतास.

महागू : मी?

गुणाकर : अकरा वर्षं लोक आपल्याला मंडईत चित्रं काढताना बघताहेत. भजन सुरू झालं की कापडाच्या उजव्या टोकाला मी, डाव्या टोकाला तू. भजन संपायच्या आत मध्यावर भेटायचं. मी उजव्या हाताचा, माझी माणसं डावीकडे बघतात. तू डावखुरा, तुझी उजवीकडे. कटंगीपासून हट्ट्यापर्यंत पोरंसोरंसुद्धा सांगतात, उजवीकडे तोंड असेल तर माणूस महागूचा. या खाणीतली निम्मी मंडळी मंडईला येतात. बघताक्षणी ओळखलं असतं त्यांनी.

महागू : म्हणजे तू माही माणसं चोरली, अन् वरून त्यायची तोंडं फिरवली.

गुणाकर : असं बोलू नकोस.

महागू : बरं, नाही बोलत. पण मंग मले कार्ड काहून धाडलं? माल पाहाले कोणी मालकाले बोलावत नाही.

गुणाकर : जरा मागे जा. अजून. दारापर्यंत जा. आता सगळी भिंत एकदम बघ.

महागू : पाह्यली.

गुणाकर : काय दिसतं?

महागू : उजव्या अंगाले खाण आहे. डाव्या अंगाले फाटक. मधात चाळीसेक माणसं. अन् सारीच्या सारी फाटकाकडं चालली. खाणीकडं एक बी नाही.

गुणाकर : चार दिवसांपूर्वी मॅनेजरसाहेब येऊन गेले. बराच वेळ भिंतीपुढे उभे होते. मला वाटलं, भारावले. मग म्हणाले, 'ये सब लोग काम छोड़कर कहाँ जा रहे हैं?'

महागू : काय चुकीचं इचारलं?

गुणाकर : मी म्हणालो, प्रगतीकडे. तर म्हणाले, प्रगती फाटकाच्या बाहेर आहे का? दोन वर्षांपूर्वी संप झाला तेव्हा सगळे असेच निघाले होते म्हणे. अगदी असेच, बाया पुढे. परवा सकाळपर्यंत निदान दहा-बारा माणसं खाणीकडे जाताना दिसली नाहीत तर पूर्ण भिंतीवर चुना.

महागू : मंग काढ न दहा-बारा. हात तुहा, भिंत तुही.

गुणाकर : जमत नाही. तेव्हापासून काढतोय आणि पुसतोय. उजवीकडे तोंड केलं की प्रत्येकाची दाढ दुखतेय असं वाटतं.

महागू : वही आहे न. आता सरळ धर.

गुणाकर : वही नाही राहिली.

महागू : काय झालं तिले?

गुणाकर : कोणाच्या हाती लागली असती तर पंचाईत झाली असती. बंबात घातली.

महागू : बंबात.

गुणाकर : हो.

महागू : पाणी तापलं का आंघोळीपुरतं?

गुणाकर : महागू, अरे...

महागू : नाही, सहज इचारलं. अकरा वर्साचा कागद होता. चांगला वाळलेला असन.

गुणाकर : चुकलो मी. हवं तर चार शिव्या घाल, पण मचाणावर ये. तुझ्याशिवाय ही भिंत वाचत नाही. तुझंही नाव घालतो कोपऱ्यात. माझ्या आधी घालतो. शपथ घेऊन सांगतो.

महागू : शपथ नोको घेऊ. नाव बी नोको. इथला कारभार पाहणारे बाबू कोण आहेत?

गुणाकर : त्र्यंबकबाबू. का?

महागू : ते आले का त्याइले तोंडानं सांगजो, हा माहा जोडीदार आहे. बस. दहा काहून, वीस माणसं काढून देतो. भोपाळले तूच जाय. मले तथी कोण ओळखते?

गुणाकर : एवढंच?

महागू : एवढंच.

गुणाकर : सांगतो. त्यात काय. तू चढ तर वर.

महागू : बांबू धरून ठेव. हालते हे.

गुणाकर : धरलाय. घे कोळसा... बघ, बघ. एका रेघेत पाठ, एका रेघेत पाय, आणि निघाला खाणीकडे. अकरा वर्षं हे शेजारून बघितलं, तरी हातात उतरलं नाही.

महागू : तू पाह्यलं कोठी? मधात भेटेपर्यंत तू आपल्या टोकाले राहे, मी माह्या.

त्र्यंबकबाबू : गुणाकरराव, काम कहाँ तक आया? साहेब चार वाजता पुन्हा बघणार आहेत... अरे, हा मचाणावर कोण?

गुणाकर : या, त्र्यंबकबाबू. सुरुवात केली. एक माणूस खाणीकडे पाठवलाय.

त्र्यंबकबाबू : ते दिसतंय. मी वरच्याबद्दल विचारतोय. आपल्या अर्जावर 'संपूर्ण चित्रण एकहाती' असं लिहिलेलं आहे, खाली सही आहे, आणि तो कागद भोपाळला गेला आहे. आता दुसरा हात निघाला तर कागद खोटा, आणि जबाब मला द्यावा लागेल. ये कौन है?

गुणाकर : हा होय. हा...

महागू : सांग न, भाऊ.

गुणाकर : गावाकडचा माणूस आहे, बाबू. रंग घोटतो. मी खालून सांगतो तसा कोळसा फिरवतो.

त्र्यंबकबाबू : फिर तो ठीक है. मदतनीस म्हणून टिपून ठेवतो. चहा सांगू का दोघांना?

महागू : बांबू धरा जरा. उतरून राह्यलो.

गुणाकर : महागू, हे फक्त कागदापुरतं. बाहेर आपण आपलेच आहोत.

महागू : हौ. तुमचं बरोबर आहे.

गुणाकर : तू मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलास?

महागू : आता खाली उतरलो न.

गुणाकर : अरे, पंच्याने पुसतोस काय त्याला? तेवढा एक तरी राहू दे.

महागू : एकटा काय करन तथी? चाळीस जण इकडून येतीन, हा एकटा तिकडं जाईन. धक्केच खाईन बिचारा.

त्र्यंबकबाबू : अरे भाई, रुको. चाललास कुठे? रंग घोटणाऱ्याचा असा हात मी पाहिला नाही कधी. तुम भी पेंटर हो क्या?

महागू : मले तसं वाटत होतं, बाबू.