दाराची फळी

न्हाई, मुकादमाच्या ट्रॉलीला तळ मुकादमानं बसवायचा का तिच्यात बसून जाणाऱ्यांनी, तुमीच सांगा? आमच्या राधाकिशन मुकादमाची ती जुनी ट्रॉली, दरसाली ऊसतोडीला निम्मं गाव तिच्यातच भरून जातं, तर तिच्या लाकडी फळ्या रस पिऊन पिऊन अशा सडल्या की बोट लावलं तर आरपार जावं. आन् मुकादम काय म्हणतो... मिशीवरनं हात फिरवत म्हणतो, "ज्याची फळी त्याची जागा. आपापली फळी आणा न् बसा."

झालं. तुम्हाला सांगतो, आमच्या शिरूर कासारच्या भागात झाड दिसंना, फळी कुठली आणता? कुणी पाट आणला, कुणी बाज मोडली, एकानं तर काठवट आणली, तिला फळी म्हणावं का यावर तासभर कालवा. राहिला नवनाथ. त्याची बायको सातव्या महिन्यात, आन् वाट्याला आलेली जागा कशी, तर बरोबर चाकाशेजारचं भगदाड, खाली बघितलं की रस्ता दिसतोय. ज्याची फळी त्याची जागा. आन् नवनाथाच्या घरात लाकूड म्हणावं असं एकच होतं, दार.

बरं, दार काढलं तर मागं घरात राहणार कोण? त्याची आई, मनकर्णाबाई. म्हातारं माणूस फडात नेत न्हाईत, घर राखायला ठेवतात. बिनदाराचं घर राखायचं कसं, हे नवनाथाला कळत न्हवतं असं न्हाई, लई कळत होतं, म्हणून तर दिवसभर उंबऱ्यावर बसून होता. शेवटी म्हातारीच म्हणली, "काढ. माझ्यापाशी न्यायजोगं काय हाय? सून पडली खाली तर कुठं शोधतूस?"

शेजारी रेडिओ चालूच, परदेशी कंपन्यांना देशाची दारं उघडली म्हणून. इथं नवनाथ बिजागरी उपटतोय.

मग मुंजाजी सुतार आला. दार ट्रॉलीत टाकलं, तर त्याच्यावर कुंकवानं काढलेलं 'श्री'. पाय द्यायला कुणी तयार होईना. बायका म्हणत्या, "अगं बाई, देवावर बसायचं?" उलटं टाकलं तर मागच्या आडव्या पट्ट्या वर आल्या, बसणाऱ्याच्या ढुंगणात रुतणार. तरी उलटंच टाकलं. नवनाथ एकसारखा मुंजाजीच्या मागं, "खिळे नगं, गचक्यानं वर येत्यात. बोल्ट घाल. हलाया नगं बघ, ती अवघडलेली हाय." मुंजाजीनं गिरमिटानं भोकं पाडली, ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्यातनं बोल्ट ओवले, खालनं नट आवळले, आन् नटाबाहेर आलेली टोकं हातोड्यानं ठेचून चपटी केली. म्हणला, "आता जन्मात सुटत न्हाई." नवनाथाचा जीव भांड्यात पडला.

म्हातारीनं चौकटीला खताचं पोतं टांगलं. सहा महिने थंडी, वारा, कुत्री... कसे काढले, तिनं कुणाला सांगितलं न्हाई. सांगायला आळीत होतं कोण?

उन्हाळ्यात परतलो. नवनाथ पान्हा घेऊन ट्रॉलीखाली शिरला. मुकादम म्हणतो, "कशापायी खोलतूस रं? ज्याची फळी त्याची जागा, पुढल्या साली बी तुझीच." पण खोलायचा सवालच न्हवता, ठेचलेले बोल्ट सुटंनातच. पान्हा घसरला, बोटं सोलली, तसाच घरी आला न् पोत्यापुढं उभा राहिला. कडी वाजवायची सवय, हात हवेतच राहिला. म्हातारीनं पोतं बाजूला केलं, तिच्या कडेवर फडात जन्मलेली नात. त्याच्या बोटांकडं बघून म्हणली, "राहू दे रं. दिवाळी झाली की त्याच्यावरच बसून जायचंय ना?"