वच्छलामायची ज्वारी

सरकारी मदत मिळते तं संशोधन मंडळानं लोकायले मागू नये, असा ठराव तुम्ही मांडून राह्यले. मांडा, पण आधी बोरी अरबच्या वच्छलामायचं ऐका.

जुन्या गाण्यायच्या शोधात आमचं मंडळ गावोगाव फिरे. दर पौषात मी पिशवी घेऊन मायच्या दारी जायचो अन् ती मंडळासाठी पायलीभर ज्वारी द्यायची. नवरा कधीचाच गेलेला, पोरं नागपुरात.

महाराष्ट्र झाला त्या साली मंडळाले पहिल्यांदा सरकारी मदत मिळाली. मी पिशवी न घेताच, मोठ्या खुशीत गेलो.

"माय, आता देऊ नको काही. मंडळानं मागणं बंद केलं."

ती ज्वारी पाखडूनच बसली होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "काहून? म्या कधी किडकी देल्ली का?"

"नाही व माय. आता गरज नाही."

"मंग तू आता कायले येशीन?"

"चहा प्याले येईन ना!"

"चहाले येतो तं सारेच म्हनतेत, बापू. येते तो मांगनाराच."

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला अन् तिच्यापुढं पसरला.

मांडा आता ठराव.