सात नंबरच्या टाकीवरची ओल

मी, वय ६८ वर्षे, धंदा निवृत्त, पूर्वी तेल डेपोत टाक्यांची मोजणी, राहणार डेपोच्या मागच्या भिंतीलगतची कामगार वसाहत, खोली नंबर ९, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी एकतीस वर्षे टाक्यांवर चढून, झाकण उघडून, पितळी वजनाची फीत आत सोडून तेलाची पातळी मोजली. एकूण टाक्या बारा. पुढे मीटर बसले आणि मला निरोप दिला. माझ्या खिडकीतून सात नंबरची टाकी दिसते. सकाळी चहा घेताना मी तिच्याकडे पाहतो. कामाचा संबंध नाही, सवय आहे.

काल सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाहिले तेव्हा टाकीच्या पत्र्यावरची ओल जवळजवळ वरच्या कडेपर्यंत होती. ऊन आले की रिकामा भाग लगेच सुकतो, भरलेल्या भागावर दव टिकते. भरणाऱ्या पंपाचा आवाज चालूच होता. टाकीत पेट्रोल आहे हे मला माहीत होते. मी चहा तसाच ठेवून, पायात घरातल्या चपला होत्या त्याच घालून मागच्या फाटकावर गेलो.

तिथल्या पहारेकऱ्याला मी सर्व सांगितले. त्याने आत फोन करून विचारले. मीटरवर टाकी निम्मीच दिसते, असे उत्तर आले. तो मला म्हणाला, "आजोबा, घरी जा. उगाच माझ्या नोकरीवर येईल." तेवढ्यात टँकरसाठी फाटक उघडले आणि मी आत शिरलो. परवानगी नव्हती, हे खरे आहे.

मी टाकीच्या जिन्याने चढलो. भरणे चालू असताना फीत सोडायची नसते, म्हणून पत्र्यावर तळहात ठेवत गेलो. सगळीकडे गारच लागत होते. पहारेकरी मागून धावत आला व त्याने माझी कॉलर धरली. मी त्याचे मनगट धरले व त्याचा हात जबरदस्तीने पत्र्यावर दाबला. त्याच्या तक्रारीतील हा मजकूर बरोबर आहे. मी त्याला म्हणालो, "गार लागतंय ना? आता हात हळूहळू वर ने. कोमट लागेल तिथे थांब."

त्याचा हात कडेच्या वीतभर खाली थांबला. मग त्याने वायरलेसवर ओरडून पंप बंद करायला लावला.

मीटर आदल्या संध्याकाळपासून अडकला होता, असे नंतर डेपोच्या साहेबांनी सांगितले. टाकी ओसंडली असती तर पेट्रोलची वाफ भिंतीपलीकडे आमच्या वसाहतीत गेली असती, आणि तिथे तेव्हा घरोघरी गॅस पेटलेले होते. पहारेकऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तो त्याची तक्रार मागे घेण्यासाठी आला असून बाहेर बाकावर बसला आहे. मला घरी सोडतो म्हणतो.

पंप बंद झाल्यावर मी पाऊण तास जिन्यावरच का बसून राहिलो, असे विचारल्यावरून सांगतो की, माझी पत्नी याच डेपोत नोंदणी कारकून होती. मी वरून आकडा सांगायचा, तिने खालून तोच परत म्हणायचा, मगच तो वहीत लिहायचा, असा नियम होता. एकदा सात नंबरवरूनच मी आकड्याऐवजी तिला लग्नाचे विचारले. खाली दोन फिटर उभे होते. ती म्हणाली, "आधी आकडा सांगा." मी चार मीटर बासष्ट सांगितला. तिने तो परत म्हटला, लिहिला, वही मिटली आणि मग हो म्हणाली.

ती जाऊन सहा वर्षे झाली. मी जिन्यावर बसून होतो, एवढेच. साहेबांनी खालून दोनदा हाक मारली, ती मला ऐकू आली होती.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिलेला आहे. चष्मा घरी राहिल्याने सही ओळीच्या थोडी खाली आली आहे.