गच्चीवरचं नेट

सावळीराम: ...अन् हे बघ पोरी, हेच ते! बिनतारी. ना खांब, ना खड्डा, ना वायरीचं लफडं. तिकडून हवेतनं येतं अन् इकडं डब्यात पडतं.

उज्वला: डब्यात?

सावळीराम: म्हंजे खोक्यात. तुझ्या वडलांनी निरोप धाडला व्हता ना, पोरीचं ऑफिस घरातच असतं, नेट नसंल तर सोयरीक नाय. म्हनलं, येऊन तर बघा! आमच्या दीपकचं लगीन नेटापायी अडायचं नाय.

उज्वला: स्पीड किती मिळतो, काका?

सावळीराम: लय!

दीपक: अण्णा, खाली पाहुणे एकटेच बसलेत.

सावळीराम: बसू दे की. आता स्पीड म्हंजे असा बघ पोरी, का...

दीपक: अण्णा, त्यांना कांदा चाळ दाखवायची होती ना तुम्हाला?

सावळीराम: हा, ते बी खरंच. चाललो मी. तुम्ही बोला दोघं. काय विचारायचं ते विचार पोरी, लाजू नको. खोक्याला तेवढा हात लावू नको, लई नाजूक शे ते.

उज्वला: गेले काका. बसा ना, उभे का तुम्ही?

दीपक: बरं आहे इथंच.

उज्वला: बरोबर खोक्यासमोर उभे आहात. जरा सरका, मला बघायचंय.

दीपक: त्यात काय बघायचं? पांढरं खोकं. त्यापेक्षा तिकडचे डोंगर बघा, आज अगदी स्वच्छ दिसताहेत.

उज्वला: डोंगर आमच्या सटाण्याहूनही दिसतात. दिवा कुठला लागतो याला, हिरवा की लाल?

दीपक: हिरवा. म्हणजे दिवसा हिरवा. रात्री लाल.

उज्वला: अच्छा. आणि पासवर्ड?

दीपक: तो अण्णांकडे असतो. ते कुणाला देत नाहीत.

उज्वला: मग तुम्ही कसं वापरता?

दीपक: मी... काटकसरीनं.

उज्वला: पावसात बंद पडतं का?

दीपक: पडलं तर अण्णा वर येऊन... जाऊ द्या. मला नाही जमत हे. ऐका, ते खोकं खोटं आहे.

उज्वला: खोटं?

दीपक: अण्णांनी बनवलंय. आमच्या मनीषाताईच्या साखरपुड्याला श्रीखंड आणलं होतं, त्याचा डबा आहे. वरून रंगाचे दोन हात मारलेत. तुम्हाला फसवायला नको होतं. मी नको नको म्हणत होतो, पण मीही गप्प बसलोच शेवटी. माफ करा.

उज्वला: आणि ही वायर?

दीपक: ठिबकची नळी.

उज्वला: हो, ड्रिपर तसाच राहिलाय. नेट थेंब थेंब येत असेल.

दीपक: म्हणजे तुम्हाला कळलं होतं?

उज्वला: जिन्यातून डोकं वर काढलं तेव्हाच.

दीपक: मग इतका वेळ मला का पिळत होता?

उज्वला: मजा येत होती. दिवसा हिरवा, रात्री लाल! अहो, मला किती आनंद झालाय म्हणून सांगू! पेढे वाटावेसे वाटताहेत.

दीपक: आनंद? नेट नाही याचा?

उज्वला: हो. कुणाला सांगणार नसाल तर सांगते. आमचे दादा, म्हणजे वडील, माझं 'नको' ऐकून घेत नाहीत. मुलगा बुटका आहे म्हटलं तर म्हणतात, शिडी घेऊन दे त्याला. पण 'तिथं नेट नाही' म्हटलं की गप्प होतात. नोकरी जाईल ना! आणि मळ्यात राहणाऱ्यांकडे वायर कुठून पोहोचायची? कंपनीवालेच म्हणतात, एका घरासाठी एवढी वायर ओढणं परवडत नाही. आतापर्यंतची सगळी स्थळं मी या एका वायरीवर परतवली.

दीपक: हुशार आहात.

उज्वला: होते. परवा तुमचा निरोप आला, मुलाकडे बिनतारी नेट बसलंय. माझी ढालच मोडली. काल नीट जेवले नाही मी. आणि आज वर येऊन बघते तर श्रीखंडाचा डबा! देव आहे बघा.

दीपक: मग आता खाली जाऊन सांगा, नेट नाही म्हणून. फक्त एक विनंती आहे.

उज्वला: बोला.

दीपक: डब्याचं नाव काढू नका. टॉवर लांब पडतो म्हणा, काहीही म्हणा. गावातली माझ्या बरोबरीची पोरं तशीच बसलीत, शेतकरी म्हटलं की मुलीकडचे फोनसुद्धा घेत नाहीत. अण्णांनी धसका घेतलाय त्याचा. चारचौघांत त्यांची मान खाली गेली तर मला नाही बघवणार.

उज्वला: नाही काढत.

दीपक: उपकार होतील. आणि... तुम्ही काम काय करता?

उज्वला: काय म्हणालात?

दीपक: काम. कंपनीत आहात, घरून करता एवढंच कळलं आम्हाला. पण करता काय?

उज्वला: कमाल आहे.

दीपक: विचारायचं नव्हतं का?

उज्वला: तसं नाही. आतापर्यंत सगळ्यांनी पगार विचारला, भाकरी येते का विचारलं, एका आजींनी तर पायाचा अंगठा दाबून बघितला. काम काय करते हे कुणी विचारलं नाही. म्हणून तर राग यायचा मला. आता हसू नका. मी नेटच्या तक्रारी ऐकते.

दीपक: म्हणजे?

उज्वला: लोकांचं घरचं बिनतारी नेट बंद पडलं की ते हेल्पलाइनला फोन करतात. तो फोन मी उचलते. दिवसभर तेच. 'खोक्यावर दिवा कुठला दिसतोय? हिरवा की लाल?'

दीपक: आई गं! आणि अण्णांनी तुम्हालाच डबा... तुम्हालाच ठिबकची नळी...!

उज्वला: हळू हसा, खालची मंडळी बघताहेत.

दीपक: थांबा, पोट दुखायला लागलं. बरं, मग एक तक्रार माझीपण ऐका. मी खरंच अर्ज केला होता. माणूस आला, इकडेतिकडे बघितलं आणि 'सिग्नल नाही' म्हणून निघून गेला.

उज्वला: कुठे उभं राहून बघितलं त्यानं?

दीपक: खाली ओट्यावर.

उज्वला: ओट्यावर? समोर कांदा चाळीचे एवढे पत्रे, आणि ओट्यावरून? गच्चीवर आला नाही?

दीपक: ऊन लय आहे म्हणाला.

उज्वला: ऊन आहे! याच लोकांमुळे आम्ही शिव्या खातो. तुमच्या मोबाइलला रेंज कुठे येते?

दीपक: त्या टाकीवर. कांद्याचा भाव बघायचा तर मी टाकीवर चढून बसतो.

उज्वला: मग सिग्नल नाही कसा? शिडी पक्की आहे ना?

दीपक: अहो, साडी नेसलाय तुम्ही!

(उज्वला पदर खोचते आणि टाकीची शिडी चढू लागते. मुलगी बघायला बसलेल्या अंगणाला आता ती मान वर करूनच बघावी लागते.)

सावळीराम: ए पोरी! टाकीवर काय करते? दीपक, आरं तिला खाली घे, तिचे वडील बघून राहिले ना!

उज्वला: काका, रेंज बघतेय!

सावळीराम: आता आली का पंचाईत! थांब, मी वर येतो.

दीपक: काय दिसतंय?

उज्वला: नामपूरच्या बाजूचा टॉवर अगदी समोर आहे, मध्ये झाडसुद्धा नाही. रेंज फुल. इथं एक पाइप उभा करा, खोकं त्याला लावा आणि तोंड त्या टॉवरकडे. पुन्हा अर्ज करा, आणि 'गच्चीवरूनच बघा' म्हणून माणसाला धरून वर आणा. उत्तम चालेल.

दीपक: मॅडम, तुमच्या लक्षात येतंय का? तुम्ही तुमची ढाल स्वतःच मोडताय.

उज्वला: सवय, दुसरं काय. तक्रार सुटल्याशिवाय मला चैन पडत नाही. हात द्या, शेवटची पायरी हलतेय.

दीपक: हं, सावकाश. आता खाली काय सांगणार? नेट आहे म्हणून की नाही म्हणून?

उज्वला: मी काय सांगावं असं वाटतं तुम्हाला?

दीपक: मला विचाराल तर मला तुम्ही आवडलात. मघाशी ड्रिपरवर हसलात तेव्हाच. पण तुम्ही 'नाही' म्हणालात तरी टाकीवर पाइप उभा करीन मी. एवढ्या वर चढलात, ते वाया जायला नको.

उज्वला: तारेनं बांधलेला तो डबा सोडा. माझ्याकडे द्या.

सावळीराम: आलो, आलो. गुडघे बोलून राहिले... आरं, खोकं का काढलं? अन् पोरी, तुझ्या हातात कसं काय हे?

उज्वला: इथं नाही चालायचं ते, काका. खरं खोकं टाकीवर बसेल.

सावळीराम: खरं... कळलं व्हय तुला? दीपक, तू सांगितलंस?

दीपक: त्यांना आधीच कळलं होतं, अण्णा.

सावळीराम: पोरी, त्याची काय चूक नाय. हे माझं येड्याचं काम. पोराचं जमावं म्हनून केलं. खाली नको सांगू गं, पाया पडतो.

उज्वला: अहो, असं काय बोलता! एकच सांगा. हे श्रीखंड कुठून आणलं होतं?

सावळीराम: तुमच्याच सटाण्याहून. का गं? रागावली का?

उज्वला: नाही, मामा. डबा मजबूत आहे. साखरपुड्याला अजून एक लागेल.