काट्यावर चिकटवलेले दत्तगुरू

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज एक साधा प्रश्न विचारतो — आपलं काम आपण देवावर ढकललं आणि देवानं ते केलं नाही, तर चूक कुणाची? देवाची? त्या पुढच्या आजी मान हलवतायत. नको, उत्तर एवढ्यात नको. आधी ऐका!

चिपळुणात तात्या खेडेकर म्हणून एक गृहस्थ होते. त्यांची पांढरी मोटार इतकी पळालेली, की मीटरचे आकडे एकदा संपले आणि परत शून्यापासून सुरू झाले! पण रस्त्यात कधी रुसली नाही. का? तर तात्या रोज आंघोळ झाली की बोनेट उघडायचे. पाणी बघायचे, ऑइलची पट्टी ओढून पुसायचे, खाली वाकून काही गळतंय का पाहायचे. गाडी चालू केली की लगेच दामटायचे नाहीत. इंजिन जरा ऊब धरेपर्यंत शेजारी उभं राहून स्तोत्र म्हणायचे. लोक हसायचे. म्हणायचे, तात्या गाडीची दृष्ट काढतायत! आणि कुंभार्ली घाट चढताना अर्ध्या वाटेवरच्या एका वळणावर हमखास थांबायचे. म्हणायचे, हिलाही दम लागतो.

तात्या गेले. गाडी आली मुलाकडे, श्रीरंगकडे. मुलगा वाईट नाही हो! उलट भाविक. दसऱ्याला गाडीला झेंडूचा एवढा हार, की समोरचा रस्ता दिसू नये! नारळ, लिंबू-मिरची, सगळं यथासांग. आणि दत्तगुरूंची छोटी तसबीर आणून चिकटवली कुठे? तर स्टिअरिंगच्या समोर. नजर सारखी देवाकडे जावी म्हणून. भाव चांगला — पण इंजिन किती तापलंय ते सांगणारा काटा नेमका तिथंच होता! तो गेला देवामागे.

बोनेट? ते बाहेरून पुसलं जायचं, अगदी आरशासारखं. पुढे रोज सकाळी गाडीखाली पाण्याचा डाग दिसायला लागला. दारातली रांगोळी भिजायची. मग सूनबाईंनी काय केलं? रांगोळी बाजूला सरकवली! गाडीखाली मात्र कुणी वाकलं नाही. हसताय? हसा. मीही इथपर्यंत हसतच सांगतो.

एके दिवशी कऱ्हाडहून फोन आला. श्रीरंगच्या आईची, म्हणजे माईंची थोरली बहीण अखेरच्या दुखण्यात होती. अन्न घेईना. एकच म्हणत होती — धाकटीला आणा, तिच्या हातचा मऊ भात खाईन. माईंनी भात शिजवला, वर तूप सोडलं, डबा फडक्यात बांधला आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

श्रीरंगनं गाडी सोडली ती सुसाट. घाट लागला. वरच्या गिअरात रेटतोय, ट्रकांना मागे टाकतोय, इंजिन कण्हतंय! माई तसबिरीकडे बघत म्हणाल्या,

"घाटात हे सारखे तिथं काहीतरी बघायचे रे."

"आता तिथं दत्त आहेत, माई. तू कशाला काळजी करतेस?"

ते वळण आलं. माई हळूच म्हणाल्या, "हे इथं थांबायचे."

"मावशी वाट बघतेय. थांबायला वेळ कुठाय?"

खरंच होतं की हो! कुणाला वाटेल थांबावं? पोर मावशीसाठीच तर धावत होतं. पण वळण मागे पडलं आणि थोड्याच वेळात बोनेटमधून वाफेचा लोट उठला. पाण्याची नळी कधीची चिरली होती, ती फाटली. इंजिन जागच्या जागी आवळून बसलं. श्रीरंगनं हात जोडले, कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. गाडी काही हलली नाही.

बऱ्याच वेळानं एका दुधाच्या टेम्पोनं त्यांना घेतलं. कऱ्हाडात पोचले, तेव्हा दारात माणसं जमली होती. मावशी शेवटपर्यंत शुद्धीवर होती. दाराकडे बघत होती.

माई उंबऱ्याशीच बसल्या. डबा अजून मांडीवरच. श्रीरंगनं पाय धरले, तर त्या म्हणाल्या,

"चूक माझी. हे कुठे थांबायचे ते मला ठाऊक होतं. मी जोर करून सांगायला हवं होतं."

मंडळी, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोराला तेवढं बोलणं जन्मभर पुरेल.

इंजिन नवं बांधलं. श्रीरंगनं तसबीर काढून वर आरशाजवळ लावली. खालचा काटा उघडा झाला. आता तो रोज बोनेट उघडतो, खाली वाकतो, त्या वळणावर थांबतो. गाडी घाट बिनतक्रार चढते. पण वर कऱ्हाडात वाट बघणारं कुणी नाही.

आता सांगा, चूक कुणाची? देव त्या काट्यातून बोलतच होता! आपणच त्याच्या तोंडावर त्याची तसबीर लावली.

बाहेर देवळाच्या आवारात तुमच्या गाड्या उभ्या आहेत. सगळ्यांना हार आहेत, मी येताना पाहिलेत. बोनेट शेवटचं कधी उघडलंत? आणि घरात कुणी हळूच म्हणालं असेल, इथं थांबायचे रे — त्याला काय उत्तर दिलंत? कुणीतरी तुमचीही वाट बघतंय, हातातला घास गरम आहे तोवर. चला, आता टाळ उचला. आणि उद्या सकाळी देवापुढे वाकण्याआधी गाडीखाली एकदा वाका.